लागणे : एका साध्या क्रियापदाचा इतिहास

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इतिहासावर बोला म्हटलं, की लोकांची अपेक्षा असते किल्ल्याची, लढाईची, ताम्रपटाची. आज आपण त्यातलं काहीच बघणार नाही. आज बघायचं आहे एक क्रियापद, 'लागणे'. सकाळी उठल्यापासून आपण ते किती वेळा वापरतो याची मोजदाद कुणी ठेवत नाही. तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, पोरगं अभ्यासाला लागतं, विहिरीला पाणी लागतं, निकाल लागतो, शेवटी डोळा लागतो. हा शब्द आपल्याला इतका सवयीचा, की तो शब्द आहे हेच लक्षात येत नाही. पण याच्या पोटात दोन हजार वर्षांपेक्षा जास्त इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचं एक ताजं पान आपल्या मराठवाड्यात आजही लिहिलं जातंय. ते पान 'अशुद्ध' म्हणून फाडून टाकायचं, की वाचायचं, हा आजचा खरा प्रश्न आहे.

सुरुवात जरा लांबून करू, इंग्रजीपासून. इंग्रजीत 'गेट' म्हणून एक क्रियापद आहे. दरवाज्याचं गेट नव्हे, मिळवण्याचं गेट. इंग्रजी शिकणाऱ्या पोरांना ते फार छळतं, कारण त्याला एक अर्थच नाही. मिळणं, पोचणं, होणं, समजणं, उठणं, सगळं 'गेट'. इंग्रजीचा मोठा कोशकार सॅम्युअल जॉन्सन यानं १७५५ साली आपला कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्यानं तक्रार केली आहे की, अवघड शब्दांचा अर्थ सांगणं एक वेळ जमतं, पण ही रोजची सैल क्रियापदं हाती येत नाहीत. त्याच्या त्या यादीत गेट आहे, सेट आहे, रन आहे, टेक आहे. पुढे ऑक्सफर्डचा थोरला कोश १९२८ साली पूर्ण झाला, तेव्हा त्यातली सगळ्यात लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. अलीकडच्या सुधारणेत 'रन' या क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ नोंदवले गेले. म्हणजे भाषेतला सर्वात मोठा शब्द हा सर्वात विद्वान शब्द नसतो. तो सर्वात जास्त राबलेला शब्द असतो.

आता 'गेट'शेजारी आपलं 'लागणे' ठेवून बघा. भुकेला इंग्रजीत गेट चालतं, आपल्याकडे भूक लागते. इजा झाली तर तिकडे गेट, इकडे 'मला लागलं'. नोकरीला गेट, इकडे नोकरी लागते. लग्नाला गेट, इकडे लग्न लागतं. कामाला सुरुवात करायची तर तिकडे 'गेट टू वर्क', इकडे 'कामाला लाग'. आणि सर्वात गंमतीची गोष्ट म्हणजे सक्ती. इंग्रज माणूस म्हणतो 'आय हॅव गॉट टू गो', आपण म्हणतो 'मला जावं लागतं'. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि एकेका क्रियापदानं जवळजवळ सारखीच कामं अंगावर घेतलेली.

पण दोघांचं मूळ मात्र वेगळं, आणि तिथेच विषय सुरू होतो. 'गेट' हा शब्द इंग्रजांनी उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांकडून, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो त्यांच्याकडून घेतला. नवव्या शतकापासून हे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले, शेती करू लागले, सोयरीक करू लागले, आणि त्यांच्या बोलण्यातला 'गेता' तिथल्या बोलण्यात मिसळला. त्याचं भावंड इंग्रजीत आधीपासून होतं, पण ते एकटं हिंडत नसे, दुसऱ्या शब्दांना चिकटून असे. 'फरगेट', म्हणजे विसरणे, यात ते अजून दिसतं. मूळ अर्थ पकडणे, हस्तगत करणे. म्हणजे 'गेट' हे हाताचं क्रियापद. माणूस हात पुढे करतो आणि वस्तू धरतो.

'लागणे'चं मूळ अगदी उलट दिशेचं आहे. संस्कृतमध्ये 'लग्' धातू आहे. अर्थ चिकटणे, जडणे, स्पर्श होणे. त्याचं भूतकाळवाचक रूप 'लग्न', म्हणजे चिकटलेलं. पाणिनीनं आपल्या व्याकरणात हे रूप खास नोंदवलं आहे आणि त्याचा अर्थ 'सक्त', म्हणजे जडलेलं, असा दिला आहे. इथे माणूस हात पुढे करत नाही. वस्तूच येऊन माणसाला चिकटते. 'मी भूक मिळवली' असं आपण म्हणत नाही. भूक आपल्याला लागते. वाक्यात कर्ता भूक आहे, आणि आपण 'ला' प्रत्यय घेऊन बाजूला उभे.

यावरून कुणी लगेच निष्कर्ष काढेल, की इंग्रज कर्तृत्ववान आणि मराठी माणूस दैववादी. तसं काही नसतं. घेणे, धरणे, मिळवणे, कमावणे ही क्रियापदं आपल्याकडेही आहेत, आणि 'मला अमुक सुचलं' या अर्थानं 'मला अमुक धडकलं' असं इंग्रजही म्हणतो. भाषेच्या घडणीवरून समाजाचा स्वभाव ठरवायचा नसतो. मात्र भाषेनं कोणती वाट धरली ते बघता येतं.

'लग्न'पासून 'लाग' कसं झालं, ते आता बघू. इथे थोडं व्याकरण आहे, पण जड नाही.

प्राकृतात जोडाक्षरं सपाट झाली. ग आणि न एकत्र होते, त्यांचा दुहेरी ग झाला. 'लग्न'चं 'लग्ग' झालं. पुढे मराठीपर्यंत येताना तो दुहेरी ग एकेरी झाला, आणि वजन भरून काढायला आधीचा अ लांबला. 'लग्ग'चं 'लाग' झालं. हा नियम एकट्या लागण्याचा नाही. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. अद्य, अज्ज, आज. आणि अग्नि, अग्गि, आग. म्हणजे 'आग लागली' या दोन शब्दांच्या वाक्यात दोन्ही शब्द एकाच रस्त्यानं, एकाच पद्धतीनं झिजत आलेले आहेत. ही झीज ज्या काळात होत होती, त्या काळात महाराष्ट्री प्राकृत ही मोठी साहित्यभाषा होती, आणि तिचं एक केंद्र आपल्याच गोदावरीच्या काठी, सातवाहनांच्या पैठणला होतं.

पंजाबीत आजही हा शब्द दुहेरी ग ठेवून 'लग्गणा' असा उच्चारतात. म्हणजे प्राकृतातली ती मधली पायरी बघायला पोथी उघडायची गरज नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्यात आलेल्या पंजाबी भाविकाच्या तोंडून ती ऐकू येते.

आता कुणी विचारेल, 'लागणे'मध्ये ग आहे, मग 'लावणे'मध्ये तो कुठे गेला? दोन्ही एकाच घरचे ना? हो, एकाच घरचे. लावणे म्हणजे लागायला लावणे. पण त्याचं मूळ रूप 'लागयति' असं होतं, आणि त्यात ग एकेरी होता. दोन स्वरांच्या मधला एकेरी ग प्राकृतात टिकत नाही, गळून पडतो. 'नगर'मधला ग असाच गळाला, आणि अमळनेर, पारनेर, जामनेर यांच्यातलं 'नेर' उरलं. दुहेरी ग टिकला, एकेरी गळाला. म्हणून मुलगा लागतो आणि बाप लावतो.

याच घराण्यातल्या 'लग्न' शब्दाची वेगळी कहाणी आहे. एकीकडे तो झिजून 'लाग' झाला. दुसरीकडे ज्योतिषात तो तसाच राहिला. ठराविक वेळी पूर्व क्षितिजाला जी रास टेकलेली असते ती 'लग्न'. तिच्यावरून मुहूर्त काढायचा. त्या मुहूर्ताचं नाव समारंभाला मिळालं. म्हणून 'लग्न लागलं' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो. एक पंचांगातून न झिजता आलेला, दुसरा शेताच्या बांधावरून झिजत आलेला. दोघांची भेट मांडवात होते.

या घराण्याची मंडळी बरीच आहेत. लगत, म्हणजे टेकून. लगेच, म्हणजे मधे वेळ न जाता. सलग, म्हणजे तुटक नसलेलं. लागोपाठ. लागाबांधा. अलग आणि विलग, म्हणजे न चिकटलेलं. संलग्न, जो शब्द महाविद्यालयाच्या पाटीवर असतो. लागवड, लावणी, लागण, लागू. पण सावध राहायला हवं. घोड्याचा 'लगाम' या घरचा नाही, तो फारसीतून आला. ध्वनी जुळला म्हणून नातं लागलं असं होत नाही. आपल्या गावाचं नाव साखरा, म्हणून कुणीही साखरेची गोष्ट जोडून मोकळं होईल. 'साखर' या शब्दाचा प्रवास मात्र पक्का आहे. संस्कृत शर्करा, प्राकृत सक्करा, मराठी साखर. तोच शब्द फारसी, अरबी करत युरोपात गेला आणि इंग्रजीत 'शुगर' झाला. शब्दाचा पुरावा मिळाला म्हणून गावाच्या नावाचा मिळाला असं नव्हे. गावाच्या नावासाठी जुन्या सनदा, जुनी दप्तरंच बघावी लागतात.

आता अर्थांकडे वळू. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ पासून 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. असे कोश उघडून 'लागणे' काढा आणि अर्थांची रांग बघा. ती वाचताना वाटतं, की हे सगळे अर्थ एकमेकांशी फटकून आहेत. पण तसं नाही. पायऱ्या आहेत.

पहिली पायरी नुसता स्पर्श. भिंतीला हात लागला. दुसरी, स्पर्शाचा परिणाम. ठेच लागली, ऊन लागलं, चटका लागला, दृष्ट लागली, बोल लागला. 'मला लागलं' म्हणजे इजा झाली. शेजारच्या हिंदीत 'मुझे लगा' म्हणजे मला वाटलं. मूळ एक, पण मराठीत दुखतं आणि हिंदीत वाटतं. तिसरी पायरी, आतल्या गोष्टींचा स्पर्श. भूक, तहान, झोप, वेड, नाद, ओढ, चाहूल, समाधी. चौथी, येऊन भिडणं. महिना लागला, ग्रहण लागलं, गाव लागलं, विहिरीला पाणी लागलं. हे शेवटचं वाक्य आपल्या भागात किती वजनाचं आहे ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. खोदताना माणूस खाली जातो, पण वाक्यात येऊन भिडतं ते पाणी. पाचवी पायरी, जोडलं जाणं. तो माझा चुलता लागतो. झाडाला आंबे लागले. यादीत नंबर लागला. सहावी, गरज. खर्च लागतो, वेळ लागतो, दोन पोती बी लागेल.

संदर्भ नसेल तर या पायऱ्या एकमेकींवर चढतात. 'गाडी लागली' म्हणजे काय? एसटी फलाटावर येऊन उभी राहिली? की वळणाच्या रस्त्यात मळमळ सुरू झाली? की अंगाला घासून गेली? तिन्ही बरोबर. आपण ऐकताना एका क्षणात योग्य तो अर्थ उचलतो, आणि त्याबद्दल स्वतःला शाबासकीही देत नाही.

शेतीत हा शब्द खोलवर रुजलेला आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत 'लावणी-संचणी' हा शब्दप्रयोग येतो. ओसाड जमीन कसायला लावायची, कुळं आणून वसवायची, गाव पुन्हा उभं करायचं, या सगळ्याला मिळून तो शब्द. दुष्काळ पडून किंवा फौजा फिरून गाव उजाड झालं, की राज्यकर्त्याचं पहिलं काम लावणी. तेव्हा 'लागवड' हा नुसता शेतीचा शब्द नाही, राज्यकारभाराचाही आहे. आज हिंगोली जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो, आणि हळदीची आपण लागवडच करतो.

आपल्या भागाचा इतिहास तर या दृष्टीनं फार बोलका आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. दरबारची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. कचेरीत गेलेला शेतकरी अर्ज, तहसील, जप्ती, दरखास्त, वसूल असे शब्द घेऊन घरी यायचा. ही नामं आली आणि राहिली. पण क्रियापदं? ती आपलीच राहिली. जप्ती आली परक्या भाषेतून, पण ती 'लागली' मराठीत. अर्ज परका, पण तो निकाली 'लावला' मराठीत. भाषा नामं सहज उसनी घेते, क्रियापदं सहसा घेत नाही. आजही तेच चाललंय. मोबाईल आला, चार्जिंग आलं, पासवर्ड आला. पण फोन 'लागत' नाही, चार्जर 'लावून' ठेवतो, पासवर्ड 'लागतो'. नवी वस्तू घरात आली, की हे म्हातारं क्रियापद तिला कामाला लावतं.

आणि सातबारा. 'सातबाऱ्याला नाव लागलं' हे वाक्य बघा. वारसा, हक्क, कर्ज, पीकविमा, सगळं त्या एका लागण्यावर उभं असतं. घरातल्या लेकीसुनांची नावं तिथे लागली की नाहीत, यावरून त्या घराचा इतिहास वाचता येतो. तसंच 'लागू'. कायदा लागू होतो, वेतन आयोग लागू होतो. गेल्या काही वर्षांत 'गॅझेट लागू करा' हे शब्द मराठवाड्याच्या गावागावांत ऐकू आले. मागणीबद्दल कुणाचं मत काहीही असो, शब्द बघा. कागदावरची गोष्ट माणसाला येऊन चिकटली पाहिजे, तरच ती खरी, हा त्यातला भाव आहे.

पण या शब्दाचं गुणगान करताना एक गोष्ट सांगायलाच हवी. स्पर्शाचं क्रियापद म्हटल्यावर त्याच्यावर जातीचा डाग येणारच होता. 'विटाळ लागणे' हा प्रयोगही याच क्रियापदाचा. माणसाच्या स्पर्शानं पाणी बाटतं असं म्हणणाऱ्या समाजानं ते म्हणायला हाच शब्द वापरला. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्याले, तेव्हा प्रश्न पाण्याचा होताच, पण त्याहून जास्त या 'लागण्याचा' होता. पुढे संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता रद्द केली. कोशात मात्र तो प्रयोग राहणार, आणि राहायलाही हवा. शब्दकोश हा समाजाचा दप्तरखाना आहे. त्यातली अडचणीची पानं काढून टाकली तर इतिहास खोटा होतो.

२०२० चं वर्ष आठवा. रोज कानावर दोन शब्द, 'लागण' आणि 'विलगीकरण'. रोग चिकटतो ती लागण, माणूस वेगळा ठेवायचा ते विलगीकरण. दोन्हींच्या पोटात 'लग्'. सोलापूर-कोल्हापूरकडे याच 'लागण' शब्दानं उसाची लावण ओळखतात. तिकडचा शेतकरी 'यंदा लागण चांगली झाली' म्हणतो तेव्हा तो आनंदात असतो.

आता आपण शेवटच्या आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाच्या पायरीवर येतो. शब्द फार राबला, की त्याचा स्वतःचा अर्थ पुसट होतो आणि तो व्याकरणाचा भाग होतो. विळा झिजून झिजून नुसती मूठ उरावी, तसं. पण ती मूठही कामाची असते.

जुन्या मराठीत 'लागीं' आणि 'लागौनि' ही रूपं 'साठी', 'कडे', 'ला' या अर्थानं येतात. 'मजलागीं' म्हणजे मला. नेपाळीत आजही 'साठी'ला 'लागि' म्हणतात. आपला चतुर्थीचा 'ला' प्रत्यय याच 'लागीं'चा झिजलेला अवशेष आहे, असं एक मत आहे. त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ते खरं असेल तर 'मला भूक लागली' या वाक्यात आपला शब्द दोनदा आहे. एकदा उघड, एकदा लपून.

दुसरं, सक्ती. 'मला करावं लागतं.' यातला 'करावं' संस्कृत 'कर्तव्य'च्या घडणीचा आहे. तो 'तव्य' झिजून 'आवे' झाला. म्हणजे हे वाक्य म्हणतं, करायचं ते काम मला येऊन चिकटतं. हिंदीत हेच काम 'पडना' करतं, 'जाना पडता है'. गुजरातीतही पडतंच. तिकडे कर्तव्य माणसावर पडतं, आपल्याकडे ते चिकटतं. बंगालीत 'लागबे' म्हणजे पाहिजे, पण सक्ती सांगायला त्यांची दुसरी सोय आहे. 'करावं लागतं' ही घडण मराठीनं स्वतःची म्हणून जोपासली.

तिसरं, सुरुवात. 'तो करू लागला.' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. त्या काळच्या मराठी गद्यात ही रचना सर्रास आहे. कामाला चिकटला, म्हणजे कामाला सुरुवात केली. इथवर पुस्तकी मराठी आणि आपण बरोबर आहोत.

आणि इथून पुढे आपण, मराठवाडा, एक पाऊल पुढे गेलो.

'काय करू लागलास?' असं आपल्याकडे कुणी विचारलं, तर तो सुरुवात विचारत नाही. तो विचारतो, आत्ता काय चाललंय. 'पाऊस येऊ लागलाय' म्हणजे पाऊस चालू आहे. 'काय करायलास?', 'जेवायलोय', 'पोरगं झोपायलंय'. लातूरकडे तेच आणखी आखडून 'काय करलालास' होतं. पुण्याकडचा माणूस म्हणेल 'काय करतोयस'. 'करलालास'मध्ये 'करू लागलास' सरळ दिसतं. 'करायलास'चा उलगडा दोन तऱ्हांनी करता येतो. एक, 'करायला लागलास' आखडून. दुसरा, 'करायला आहेस' आखडून. पण कोणतीही वाट धरा. 'करू लागलास' हे पूर्ण रूप आजही आपल्या तोंडात जिवंत आहे, आणि त्याचा अर्थ 'सुरुवात'वरून सरकून 'चालू आहे' इथे आलेला आहे. हा अर्थबदल पुस्तकात नाही. आपण केला.

हे फक्त आपणच केलं असंही नाही. हरियाणात 'तू काय करतोयस' विचारायचं तर 'के करण लाग रया सै' म्हणतात. तेच क्रियापद, तीच चालू क्रिया. पंजाबीत 'मैं जाण लग्गा' म्हणजे मी निघतोच आहे, आता जाणारच. म्हणजे पंजाबी माणूस क्रियेच्या उंबऱ्यावर, पुण्याचा माणूस उंबरा ओलांडून आत पाऊल टाकलेला, आणि साखऱ्याचा माणूस घरात जेवत बसलेला. एकाच क्रियापदाच्या तीन खोल्या. परंपरा सांगते, की आपल्याच जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव पंजाबपर्यंत गेले. त्यांची एकसष्ट पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. इतक्या लांब जाऊनही त्यांचं बोलणं तिथल्या लोकांना परकं वाटलं नाही, याचं एक कारण असे मुळाशी एक असलेले शब्दही आहेत.

इंग्रजीतही हेच घडलं. 'गोइंग टू' म्हणजे मुळात चालत जाणं. त्याचा भविष्यकाळ झाला, आणि बोलताना आखडून 'गॉना'. 'गॉट टू'चं 'गॉटा'. इंग्रजी शिक्षक पूर्वी त्यासाठी पोरांना दटावत. आज विद्यापीठांत त्याच 'गॉना'वर प्रबंध होतात. क्रियापद व्याकरणात कसं विरघळतं याचं ते जगभर दिलं जाणारं उदाहरण झालंय. आपलं 'करलालास' त्याच जातकुळीचं आहे. फरक इतकाच, की आपल्या पोरांना त्याबद्दल प्रबंध नाही, हसू मिळतं.

शिकायला शहरात गेलेल्या आपल्या मुलामुलींना विचारा. पहिल्या आठवड्यात काय झालं? 'काय करायलाव' म्हटलं आणि खोलीभर हशा पिकला. आमच्या ओळखीतल्या अनेकांनी त्या दिवसापासून तोंड मिटलं. कुणी घरी फोनवर एक बोली आणि बाहेर दुसरी, असं सुरू केलं. ते जमलं तर चांगलंच आहे. प्रमाण मराठी यायलाच हवी. परीक्षा, अर्ज, नोकरी तिथे ती लागते, आणि ती शिकवू नका असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण 'ती भाषा वेगळी आहे' असं सांगणं निराळं, आणि 'तुझी भाषा चुकीची आहे' असं सांगणं निराळं. पहिल्यानं मूल दोन भाषा शिकतं. दुसऱ्यानं ते गप्प बसायला शिकतं.

चूक कशाला म्हणतात? नियम नसेल तर चूक. 'करायलास'ला नियम आहे. करायलोय, करायलास, करायलाय, करायलीय, करायलेत. पुरुष, लिंग, वचन, सगळं जागच्या जागी. गावातलं चार वर्षांचं पोर ते न चुकता वापरतं. ज्या झिजण्यानं 'लग्न'चं 'लाग' झालं, तेच झिजणं 'करू लागलास'चं 'करलालास' करतं. पहिल्या झिजण्याला आपण मराठीचा जन्म म्हणतो, आणि दुसऱ्याला गावंढळपणा. हा न्याय कुठला?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. आनंदाची गोष्ट आहे. त्यासाठी प्राचीन साहित्य, जुने शिलालेख पुरावा म्हणून मांडले गेले, आणि ते योग्यच झालं. पण दगडावर कोरलेली भाषा जपायला दगड समर्थ असतो. तोंडात असलेली भाषा जपायला तोंडच लागतं. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या जडणघडणीवर पुस्तक लिहिलं, ते १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये दिला. आठशे वर्षांपूर्वीचं 'लागौनि' आज कुणालाही त्यात सापडतं. आपल्या आजीचं 'लागणे' मात्र आपण नोंदवलं नाही, तर कुठेच सापडणार नाही.

तेव्हा शेवटी तीन कामं सांगतो, फार मोठी नाहीत. एक, घरातल्या सर्वात वयस्कर माणसाजवळ बसा आणि 'लागणे' असलेली वाक्यं वहीत उतरवा. शेतीची, गुराढोरांची, सैपाकाची, आजारपणाची. वाक्य पूर्ण लिहा, जसं बोललं तसं. सुधारू नका. दोन, शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी एक तास काढावा. फळ्याच्या एका बाजूला 'काय करतोयस', दुसऱ्या बाजूला 'काय करायलास' लिहावं, आणि मुलांनाच दोन्हींचे नियम शोधायला लावावं. मुलं शोधतात, अगदी बरोबर शोधतात. तीन, पुढच्या वेळी शहरात कुणी हसलं, तर रागावू नका आणि लाजूही नका. त्याला सांगा, की बाबा, तुझ्या भाषेत हे क्रियापद अजून कामाला सुरुवात करतंय, आमच्याकडे ते केव्हाचं कामात आहे.

इतका वेळ शांतपणे ऐकलंत. आता प्रश्न विचारा, आणि मुख्य म्हणजे तुमच्या घरातली वाक्यं सांगा. आम्ही लिहून घ्यायला लागलोय.